मागून हाक

मढच्या शाळेत माझी नेमणूक झाली, तेव्हा वहिनीला इतका आनंद झाला की तिनं पुरणपोळ्या केल्या. घाटकोपरच्या चाळीतली एक खोली, तिच्यात दादा, वहिनी, त्यांची मुलं आणि पस्तिशीला टेकलेली बिनलग्नाची नणंद, म्हणजे मी. "जरा लांब आहे गं," वहिनी म्हणाली, "पण हवा चांगली आहे तिकडची." हवेचं तिला काय ठाऊक? ती कधी त्या बाजूला फिरकली नव्हती आणि नंतरही फिरकली नाही.

ही ऐंशीनंतरची, पहिल्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. अंधेरीला उतरायचं, वेसाव्याची बस धरायची आणि किनाऱ्यावरून फेरीच्या होडीनं खाडी ओलांडायची. पलीकडे मढ. शाळेतल्या बाकीच्या बाया दुपारी घंटा झाली की पदर खोचून होडीकडे पळायच्या. मी मात्र कोळीवाड्यातच एक पडवी भाड्यानं घेतली होती. रोज जाऊन-येऊन जीव मेटाकुटीला आला असता, हे सगळ्यांना सांगायचं कारण. खरं कारण असं की जायचं कुठे, हा प्रश्नच होता.

घरमालकीण पन्नाशीची, काळीसावळी, आवाजानं भिंत हलवणारी. तिला मी मावशी म्हणायची. ती सकाळी अंधेरीच्या बाजारात मासळी विकायला जायची. तिचा नवरा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. एकुलता एक मुलगा बापाबरोबर होडीवर जायचा, त्याचं लग्न त्याच वर्षी झालेलं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या आणि माझ्या पडवीच्या मधल्या भिंतीत एक खिडकी होती, दार नसलेली, हात जाईल एवढीच. संध्याकाळी तिच्यातून कालवणाची वाटी आत यायची. "बाय, घे." एवढंच. वाटी धुऊन मी परत सरकवायची. शाळेबाहेर दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेला तो बहुतेक एकच शब्द असायचा. मी त्या 'घे'ची वाट बघत बसायची, हे सांगायला आता लाज कसली.

बाकी सोबत ट्रान्झिस्टरची. दादानं निघताना दिला होता. बातम्या सांगणाऱ्या माणसाशी मी वाद घालायची, त्याच्या उच्चारांना नावं ठेवायची, कधी कधी "बरं, मग पुढे?" असंही म्हणायची. एकट्या बाईनं रेडिओशी बोलणं वेडेपणाचं आहे की नाही, ते मला माहीत नाही. रेडिओनं तरी कधी तक्रार केली नाही.

तिथं आल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या हातून एक घोळ झाला. तांडेल सकाळी किनाऱ्याकडे निघाला होता आणि मला आठवलं की पलीकडून रॉकेल आणायला सांगायचंय. मी पडवीतून ओरडले, "अहो तांडेल, जरा थांबा!" तो जागच्या जागी थिजला. मग मागे फिरला, घरात येऊन पाटावर बसला. मावशीनं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. तो प्यायला, थोडा वेळ बसून राहिला आणि मगच परत निघाला. तो गेल्यावर मावशी माझ्याकडे वळली.

"मागनं हाक मारतात का गो बाय? होरीला निंगालेल्या मानसाला?"

"पण मला फक्त रॉकेल..."

"हाक मारली का तो फिरलाच पायजे. बसला पायजे. पानी पिला पायजे. नायतर दर्यान जाऊचा नाय. परत असा करशील तं तुजी न माजी बोलचाल बंद."

आमच्या मालवणातही निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, पण आमच्याकडे कुणी एवढं मनाला लावून घेत नाही. इथं ते अक्षरशः पाळायचे. मी कानाला खडा लावला.

नोव्हेंबरमध्ये दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद झाली. मी घाटकोपरला गेले नाही. वहिनीच्या माहेरची माणसं आली होती, आणि 'तू पण ये' असं कुणी कळवलं नव्हतं. न कळवता जाण्याइतकी मी अजून निर्लज्ज झाले नव्हते. कोळीवाड्यात घरोघरी कंदील लागले, पोरांनी फटाके उडवले, मावशीनं खिडकीतून करंज्या सरकवल्या. सण संपल्यावर होड्या पुन्हा पाण्यात गेल्या आणि वाड्यात दिवसा फक्त बायका, म्हातारे आणि मी उरले.

त्याच आठवड्यात रेडिओनं अरबी समुद्रातल्या वादळाची पहिली बातमी दिली. खाली, केरळच्याही पश्चिमेला कुठंतरी. शाळेचा भारताचा नकाशा फाटला होता, तो चिकटवायला म्हणून मी घरी आणला होता. तो भिंतीवर टांगला आणि बातमीत सांगितलेल्या जागी कपाळावरची टिकली काढून चिकटवली. आपल्याकडच्या नकाशांत समुद्राला कुणी विचारत नाही. तिथं नुसता निळा रंग, आणि त्यातच डोंगर-नद्यांच्या खुणांची चौकट बसवलेली. दुसऱ्या दिवशी वादळ त्या चौकटीतच शिरलं. मी टिकली 'रेल्वेमार्ग' या शब्दावर चिकटवली आणि एकटीच हसले.

त्याच्या पुढच्या दिवशी हसू आलं नाही. टिकली चौकटीतून बाहेर पडून सरळ वर सरकत होती. रेडिओ प्रत्येक बातमीपत्राच्या शेवटी मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असं सांगू लागला. मी वाडाभर फिरले. बांबूच्या मांडवांवर अर्धे ओले बोंबील वाळत होते. बायकांना म्हटलं, "काढून घ्या, पाऊस येणार." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दिवाळीनंतर पाऊस? मास्तरीणबाईंना एकटेपणानं चढलंय काहीतरी, असं एकीनं दुसरीला सांगितलं. मला ऐकू जावं अशाच बेतानं सांगितलं.

संध्याकाळी मी तांडेलाला गाठलं. तो जाळं शिवत बसला होता. मुलगा शेजारी दोर गुंडाळत होता.

"उद्या जाऊ नका. रेडिओ सकाळपासून कानीकपाळी ओरडतोय."

तांडेलानं वर बघितलं. "रेडिओवाला कवा दर्यान गेलता काय? आबाल बग कसा कोरा हाय."

"आभाळ कोरं आहे कारण ते अजून लांब आहे. तिकडून येतंय ते!"

"टेन्शन नका घेऊ बाई," मुलगा म्हणाला, "हवा एकदम झकास हाय."

उधाणाचे दिवस होते, म्हणजे मासळीचे. चार पैसे गाठीला लागण्याच्या दिवसांत, शाळा शिकवायला आलेल्या बाईच्या टिकलीवर विश्वास ठेवून घरी बसा म्हणणं मलाही जड जात होतं. मावशी आतून सगळं ऐकत होती. नवी सून चुलीपाशी होती, तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. रात्रीची वाटी मात्र आली. "बाय, घे."

सकाळच्या बातम्यांत वादळ इतकं वर आलं होतं की टिकली कुठं लावायची ते बघायला नकाशाजवळ जावंही लागलं नाही. मी तशीच अनवाणी किनाऱ्याकडे धावले. ओहोटी लागली होती. ओहोटीच्या पाण्याबरोबरच होड्या खाडीतून बाहेर काढतात, उशीर झाला तर चिखलात रुततात. बहुतेक होड्या निघाल्याच होत्या. तांडेलाची होडी सगळ्यांच्या पुढे होती, कारण बाकीचे त्याच्या मागून जायचे. मुलगा मागच्या टोकाला पाठमोरा उभा होता. किनाऱ्यावर मावशी टोपली घेऊन उभी होती, गप्प. निघालेल्या होडीकडे बायका नुसत्या बघतात, शब्द काढत नाहीत.

मी त्यांच्या मागे उभी होते. डोक्यात काही फार मोठं नव्हतं. खिडकीतली वाटी आली डोक्यात, खरंच. ओरडले तर ती गेली. त्या वाड्यात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. न ओरडावं तर तो पोरगा पाठमोरा जातोय, आणि त्यांना थांबवेल अशी एकच गोष्ट जगात आहे, ती मला ठाऊक आहे. मला संताप आला. त्यांचा, रेडिओचा, वहिनीचा, सगळ्यांचा. आणि संताप आला की माझ्या तोंडून मालवणीच बाहेर पडते.

"अरे मागे फिरा रे, मेल्यांनू!"

किनाऱ्यावरच्या सगळ्या बायकांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मावशीच्या हातातली टोपली खाली पडली. पुढच्या होडीत पोरानं मान वळवली. तांडेलानं वळवली नाही, पण होडी वळायला लागली. त्याच्यामागे बाकीच्यांच्याही वळल्या. मला वाटत होतं, निदान एक तरी होडी माझी हाक झटकून पुढे जाईल. एकही गेली नाही.

पुरुष उतरले, माझ्याकडे न बघता आपापल्या घरी जाऊन बसले, पाणी प्यायले. तेवढ्यात ओहोटीचं पाणी निघून गेलं आणि होड्या चिखलात बसल्या. वाड्यात माझ्या नावानं जो शिमगा झाला, तो ऐकायला मी पडवीचं दार उघडंच ठेवलं होतं. मावशी खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाली, "हाक मारलीस ती मारलीस, वर मेले बोललीस." माझ्या आईनं जन्मभर आम्हा भावंडांना प्रेमानं मेल्या-मेले म्हटलं होतं. ते सांगायची ती वेळ नव्हती.

दुपारनंतर वारा फिरला. संध्याकाळी पाऊस आला, दुसऱ्या दिवशीही पडला, लाटा किनाऱ्यावरच्या पहिल्या घरांच्या पायरीला लागल्या. होडी काढायचं नाव कुणी काढलं नाही. मांडवावरचे बोंबील कुजले आणि त्याचा वास वाड्यात भरून राहिला. मग वादळ वर उत्तरेकडे सरकलं आणि आमच्याकडे लख्ख ऊन पडलं. टिकली मी काढून टाकली, नकाशा गुंडाळून ठेवला.

मला वाटलं होतं, आता तरी कुणी काही म्हणेल. म्हणाले ना! हिनं तोंडानं पाऊस आणला, असं म्हणाले. होड्या गेल्या असत्या तर काय झालं असतं? कदाचित सगळे सुखरूप परतले असते, शिवाय भरलेल्या जाळ्यांनी. कदाचित नाही. हे त्यांना कधी कळणार नव्हतं आणि मलाही नाही. बुडालेला माणूस दिसतो, न बुडालेला कसा दाखवायचा?

वाटी बंद झाली. खिडकीला पलीकडून पत्र्याचा तुकडा लागला. मी स्टोव्हवर पिठलं करायची, भात करायची, ताटात घेऊन रेडिओसमोर बसायची. सुरुवातीला राग होता, तो एक बरा असतो, सोबत करतो. फेब्रुवारीच्या सुमारास तोही गेला. मग नुसतं वाईट वाटत राहिलं. मावशी बाजाराला जाताना माझ्या दारावरून जायची आणि मान सरळ ठेवायची. सुनेला दिवस गेले होते, हे मला शाळेतल्या मुलींकडून कळलं.

मे महिन्यात माझी मुलुंडला बदली झाली. मी मागितली होती. भाडं तांडेलाच्या हातात दिलं, त्यानं मान हलवली. मावशी घरात होती, बाहेर आली नाही. मी एक ट्रंक, एक वळकटी आणि ट्रान्झिस्टर घेऊन फेरीच्या होडीत बसले. निरोप द्यायला कुणी नव्हतं, त्यामुळे मागे वळून बघायचाही प्रश्न नव्हता. होडी सुटली. खाडीच्या मध्याच्या थोडं अलीकडे पोचलो असू.

"बाय गो! ए बाय!"

तो आवाज दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं. होडीतली माणसं चुळबुळली. होडीवाल्यानं वल्हं थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि एक सणसणीत शिवी हासडली. मग काही न विचारता त्यानं होडी वळवली. वेसाव्याला घाईत निघालेल्या एकानंही तक्रार केली नाही.

मावशी गुडघाभर पाण्यात उभी होती. माझी ट्रंक तिनंच उतरवून घेतली. वाळूत पालथ्या घातलेल्या एका होडीवर मला बसवलं. "बस. पानी पी." मी प्यायले. होडीवाला बाकीच्यांना घेऊन निघून गेला. मावशी खाली वाळूत बसली.

"त्या दोन दिसान माजा पोर घरान बसलेला व्हता," ती म्हणाली. "चुलीम्होरं बसून दिसभर खात व्हता. मी त्याच्याकरंच बगत व्हते. बोलले नाय तुला. कसा बोलनार? वाचला बोलायचा म्हनजे दर्या त्याला नेनार व्हता असा..."

तिनं पदराखालून वाटी काढली, वर बशी झाकलेली. "बाय, घे."

मी तिथंच बसून, भाताशिवाय, ते कालवण बोटांनी चाटूनपुसून खाल्लं. पुढची होडी आली तेव्हा ती उठून, मागे न बघता, घराकडे गेली. या वेळी तिनं हाक मारली नाही. मारली असती तर मी राहिले असते.

मुलुंडला मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं, आता तिथंच एका खोलीत राहते. कुठं निघायचं असलं की कुलूप लावून जिन्यापाशी जरा रेंगाळते, पिशवीत उगाच काहीतरी शोधते. मागून कुणी हाक मारत नाही. माझे सगळे प्रवास निर्विघ्न पार पडतात.