दाराआडचं उत्तर

तमाम जनतेस या जाहीर प्रगटनाद्वारे कळवण्यात येते की, मी खाली सही करणार, वय वर्षे त्रेपन्न, राहणार धाराशिव, धंदा लोकांचे गौरवग्रंथ काढून देणे, याने पूर्ण शुद्धीत आणि कोणत्याही नशापाण्याविना एका बाईंचं काम काढून पुण्याच्या कंपनीला दिलं. कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांच्या आत कळवावी. एकीनं कळवली. तीही मुदत उलटल्यावर.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. मी गौरवमूर्तीच्या घरी जाऊन त्यांची कहाणी फोनमध्ये भरून आणायची आणि बाईंनी ती ऐकून कागदावर उतरवायची, असा आमचा बारा वर्षांचा रिवाज. बाई सगळं उतरवायच्या. माणूस खोकला तर कंसात ‘खोकले’. रडला तर ‘थांबले’, कारण पुरुष रडल्याचं छापायला घरचे तयार नसतात, हे त्यांना ठाऊक. शिवाय दिवसाआड मला फोन. मधेच म्हशीचं कोण बोललं? हसला तो जावई का? एका पुस्तकाला दोन महिने लागायचे. मी वैतागलो.

मग मी रीतसर निवड केली. ध्वनिफितीचा मजकूर करून देणाऱ्या तीन कंपन्यांना एकच नमुना पाठवला. कुठला? माझंच भाषण. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी माईक धरून चाळीस मिनिटं केलेलं, मधे कुणालाही तोंड उघडू न देता. पहिल्या कंपनीनं माझं मराठी अर्धं हिंदी करून पाठवलं. दुसरीनं टाळ्या जिथं पडल्या तिथं तशी नोंद केली. त्या फारच कमी निघाल्या, म्हणून ती बाद. पुण्याच्या कंपनीनं मात्र तासाभरात असं घोटीव भाषण परत दिलं की वाचता वाचता मी स्वतःच्या प्रेमात पडलो. बाईंना सांगितलं, आता आराम करा. त्यांनी एवढंच विचारलं, की दोघं बोलतात असं काही त्यांना देऊन पाहिलंत का. मी म्हणालो, बाई, जमाना बदललाय. हे वाक्य मला फार छान म्हणता येतं.

पहिलंच काम ढोकी गावचं निघालं. साखर कारखान्यात वजनकाट्यावर उभा जन्म काढलेले एक काका, त्यांच्या पंचाहत्तरीचं पुस्तक, काम देणारा त्यांचा मुलगा. त्या घरची रीत अशी, की परक्या पुरुषासमोर बाईमाणूस बसत नाही. काकू दाराआड. पण काकांची गाडी त्यांच्याशिवाय हलेना. दोन वाक्यं झाली की मान दाराकडं वळायची.

"अगं, काटा बंद पडला ते कंचं साल?"

"थोरला रांगत हुता तवा," आतून.

मग काका तेच वाक्य माझ्याकडं बघून पुन्हा म्हणायचे. बैल कुणाचा, मुकादम कुठला, सगळं असंच. उसाच्या गाडीचा बैल उधळला तेव्हा आपण पुढं होऊन शिंगं धरली, असं ते सांगत होते, तर आतून न विचारताच आलं, "खोटं नगा बोलू. तुमी काट्याच्या खोलीत दडला हुता." काका खो खो हसले आणि पुढं गेले.

कंपनीच्या अर्जात रकाना होता, बोलणारे किती? मी लिहिलं, एक. काकूंचा चेहराच पाहिला नव्हता, तर मोजू कशा? खाली विचारलं होतं, मागचे आवाज वगळावेत का? हो. वाक्यं सलग करावीत का? हो, अवश्य. दुसऱ्या दिवशी मजकूर हजर. एक शंका नाही, एक फोन नाही. मी खूश होऊन मूळ ध्वनिफीत फोनमधून पुसली. जागा लागते.

पुस्तक छापायला गेलं आणि काका गेले. काकूंनी मुलाकरवी निरोप धाडला, पुस्तक लवकर आणा. मला वाचता येत नाही, पण नात वाचंल. त्यांचं बोलणं एकदा कानावर पडू द्या.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी प्रती घेऊन मी जातीनं गेलो. तारीफ जागेवर ऐकलेली बरी. नात वाचू लागली. काकू सवयीनं दाराआडच. पुस्तकातले काका घडाघडा बोलत होते, कुठं अडणं नाही, कुठं वळून बघणं नाही. काट्याची गोष्ट आली तसं आतून आलं, "थोरला रांगत हुता तवा." नात थबकली. पुढच्याच ओळीत ते काकांच्या तोंडी होतं. मुकादमाच्या वेळी पुन्हा तसंच. मग बैल उधळला. पुस्तकातल्या काकांनी शिंगं धरली, आणि धरूनच ठेवली. त्यांना कुणी अडवलं नाही.

काकू बाहेर आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. माझं बोलणं कुठं गेलं, असं त्यांनी विचारलं, अगदी साधेपणानं. मी गळा साफ करून समजावलं, की अर्जात बोलणारा एकच होता, मागचे आवाज कंपनी काढून टाकते, त्यानं मजकूर स्वच्छ येतो. नातीनं विचारलं, मूळचं ऐकता येईल का. पुसलं, मी म्हणालो.

काकूंनी पुस्तक हातात घेतलं. मुखपृष्ठावर काका एकटेच खुर्चीत बसलेले. तो फोटो बघून त्या माझ्याकडं वळल्या आणि घरची रीत विसरून मोठ्यानं बोलल्या,

"मंग पन्नास वर्सं ह्येंनी काय भिंतीशी बोलून काढली व्हय?"