गच्चीवरचा भाताचा गोळा

त्या चॅनलवाल्यांना मी अजून शिव्या देतो. पण शिव्या देऊन झाल्या की माझंच तोंड आठवतं. त्यांनी दिवसभर दाखवलं ते माझंच होतं. आणि मी त्या तोंडाने जे सांगितलं ते अर्धं होतं.

माझा मुलगा आनेकलच्या एका कारखान्यात होता. छातीत कळ आली आणि गेला. दहाव्याला आम्ही पुरुष मंडळी श्रीरंगपट्टणला नदीवर निघालो, तेव्हा नववीतली नात चप्पल घालून दारात उभी होती. "पोरीबाळींचं तिथे काय काम?" म्हणून मी तिला शेजारच्या अक्कांकडे बसवली.

नदीवर पिंडाला कावळा शिवेना. घर सांभाळीन, पोरीला शिकवीन, सुचेल ते मी हात जोडून कबूल केलं. कावळे झाडावर बसूनच राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. चामराजपेटला घरी येऊन मी सुनेला सांगितलं, "लगेच शिवला."

पुढे नात मैत्रिणींबरोबर एक खेळ खेळायला लागली. एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक सोंग घ्यायचं, कुणी जादूगार, कुणी चोर, आणि पुढे काय होतं ते अनेक बाजूंच्या फाशांनी ठरवायचं. नातीचं सोंग एका नावाड्याचं. बाप गेल्यापासून घरात हूं की चूं न करणारी पोर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर घसा बसेपर्यंत बोलायची. हे मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी नंतर म्हणालो, ते खोटं.

एकदा तिने विचारलं, "अज्जा, पिंड कसा करतात? आणि कावळा आलाच नाही तर?"

पोरीला रीतींची ओढ लागली या खुशीत मी सगळं सांगितलं. दर्भाचं तेवढं गाळलं.

त्या रविवारी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेलो. चादरीपलीकडे त्या पोरी बसल्या होत्या, मध्ये कागदी ताटलीत भाताचा गोळा. खेळात नावाडी मेला होता.

"प्रॉमिस कर ना काहीतरी," एक म्हणाली. "काय हवं असेल त्याला? नवी बोट?"

"मोटारवाली!" दुसरी म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या.

नात हसली नाही. "मी आईकडे बघेन," ती ताटलीला म्हणाली. "तू जा आता."

कठड्यावरचा कावळा उतरला आणि त्याने गोळा फोडला.

पोरी ओरडल्या, टाळ्या पिटल्या. नात रडत होती. मी चादरीमागे उभा होतो आणि मला तिचा राग आला. दुसरं काही नाही, रागच. नदीवर बापासाठी जो आला नाही, तो हिच्या खेळातल्या भातावर बसला होता.

त्या आठवड्यात एक चॅनल या खेळावर तुटून पडलं होतं. कुठलासा मुलगा घरातून पळाला, त्याच्या दप्तरात असले फासे सापडले, एवढ्यावर त्यांनी 'मरणाचं वेड लावणारा खेळ' म्हणून बोंब सुरू केली होती. आमच्या मराठी मंडळात सगळे हळहळत होते. मी म्हणालो, "हे आमच्याच घरात चाललंय." एकाची त्या चॅनलमध्ये ओळख होती. दुसऱ्या दिवशी कॅमेरा दारात.

वार्ताहर कन्नडमध्ये म्हणाला, "अज्जा, स्वल्प जोरात. मेलेल्यांशी बोलत होती ना?"

"हो. पिंड ठेवला होता. कावळाही शिवला."

"भीती वाटली?"

"फार."

काय बोलत होती ते त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर कुणाचा पिंड होता हेही सांगावं लागलं असतं, आणि पोरीला तो गच्चीवर का ठेवावा लागला तेही.

त्यांनी नातीचा फोटो पुसट केला. माझा चेहरा लख्ख ठेवला. कोणाची नात हे सगळ्या पेठेला कळलं. शाळेने बोलावून समज दिली, मैत्रिणींच्या आयांनी त्यांना यायला बंदी केली. नात परत गप्प झाली.

सुनेने एकच विचारलं. "तुम्ही तिथे होतात. ती काय म्हणाली ते ऐकलंत ना, मामा?"

"नाही," मी म्हणालो.

महिन्याभरात दोघी महादेवपुऱ्याला, सुनेच्या ऑफिसजवळ राहायला गेल्या.

वर्षश्राद्ध आलं तेव्हा मी नातीला फोन केला. या वेळी तू चल नदीवर, म्हटलं, पिंड तूच ठेव. भटजींशी मी बोलतो. दर्भाचंही सांगितलं. वाटलं, ते ऐकून तरी विरघळेल.

 ती म्हणाली, "माझं करून झालंय, अज्जा. कावळापण शिवला. तुम्हीच सांगितलंत की टीव्हीवर."