बाबांची पाठ

लेकीच्या कॉलनीत, मंचेरियलला, पोहण्याच्या तलावाजवळून जाताना क्लोरीनचा वास आला आणि जंगलाकाठचं ते रिसॉर्ट आठवलं. कितीतरी वर्षं झाली त्याला.

मुलांच्या बाबांचा आजार बरा होणार नाही, हे तेव्हा नुकतंच कळलं होतं. दोघंही मुलं लहान. त्यांना सांगितलं नव्हतं. "पोरायले एकदा फिरवून आनू," असं हेच म्हणाले, म्हणून आमच्या गावाहून, बेल्याहून, तिथे गेलो होतो.

मुलं कमरेएवढ्या पाण्यातून हाका मारत होती, "बाबा, तुमी बी या ना." हे सदरा काढू लागले.

"काऊन उतरून राह्यले? दम लागन," मी म्हटलं.

"लागू दे. आज खेळू दे मले त्यायच्या संगं."

त्यांनी लेकीला पाठीवर घेतलं. ती खिदळली. मला रडू आलं नाही, हसूही आलं नाही. मी काठावर बसून मुलांचे सकाळचे ओले कपडे पिळत राहिले.

पावसाळ्यात हे गेले. मुलांना त्यांचं आजारपण फारसं आठवत नाही. "पाणी थंड होतं आणि बाबांची पाठ गरम होती," असं लेक अजून सांगते. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते, पण मला त्या दुपारचं ऊनसुद्धा आठवत नाही.