सॅमन आणि श्रावण

एखाद्या माशाबद्दल इतकं जाणून तो एकदाही न चाखलेला माणूस अवघ्या आशिया खंडात शोधून सापडणार नाही. तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. थोरल्या मेहुणीचे, म्हणजे आमच्या ताईचे, यजमान म्हटल्यावर टाळता येत नाही, आणि ते सेंगकांगला, मी शेजारच्या हौगांगला, त्यामुळे अंतराची सबबही पुढे करता येत नाही. दर रविवारी ताईकडे जेवायला जायचं आणि जेवता जेवता सॅमन ऐकायचा, असा माझा सिंगापुरातला संसार. कॅनडातल्या कुठल्या नदीत तो कुठल्या आठवड्यात शिरतो, भरतीला किती आणि ओहोटीला किती, सगळं साडूंना तोंडपाठ. "नदीच्या मुखाशी धरला तर सोनं," ते सांगतात. "समुद्रातून नुकता आलेला असतो. अंग चंदेरी, पोटाला चरबी. एकदा का गोड्या पाण्यात शिरला, की त्याचं खाणं बंद. मग अंगातलीच चरबी जाळत वर चढतो. कातडी लाल होत जाते आणि मांस फिकट, पिचपिचीत. जन्मगावी पोचेपर्यंत मांजरसुद्धा हुंगून पुढे जाईल." एवढं बोलून ते शांतपणे आमटीभात कालवतात.

तुम्ही म्हणाल, सिंगापुरात सॅमनला काय तोटा? तोटा नाहीच, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या जपानी दुकानात ढीग पडलेला असतो. पण तो यांना चालत नाही. "पिंजऱ्यात वाढलेला. त्यानं नदी पाहिली नाही, त्याला चव कुठून येणार?" हौगांगच्या बाजारातल्या मासेवाल्याला ते न चुकता विचारत, "अंकल, धिस वन वाइल्ड ऑर नॉट?" आणि म्हातारा न चुकता सांगे, "फार्म लाह. ऑल फार्म. यू वाँट ऑर डोंट वाँट?" साडू खिन्नपणे मान हलवून बांगडे घेत. गळ फेकायचा सराव मात्र ते घराखालच्या हिरवळीवर करत, नदी-तळ्याविना. एकदा त्यांचा गळ दुसऱ्या मजल्यावरच्या आंटींनी खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेल्या विजारीत अडकला आणि विजार बांबूसकट खाली आली. "मिस्टर, फिश अल्सो डोंट हॅव, यू फिशिंग वॉट?" आंटी वरून ओरडल्या. "पप्पा, स्टॉप लाह, एव्हरीबडी लुकिंग," लेक रडकुंडीला आली. मला विचाराल तर आंटींचा प्रश्न बिनतोड होता.

मी मुळात आशा सोडलेला माणूस आहे. इथल्या नोकरीच्या पासची मुदत संपत आली की मी मनातल्या मनात भांडीकुंडी बांधायला घेतो. त्यामुळे या माणसाची आशा मला बघवत नसे, कारण ती पुरी होणार नाही हे मला स्वच्छ दिसत होतं. आड येत होता श्रावण. साडू सिंगापूरला निघाले तेव्हा त्यांच्या आईनं दारात उभं राहून सांगितलं होतं, "तिकडे काय खायचं ते खा बाबा, पण एक श्रावण तेवढा पाळ." साडू कधी देवळात गेले नाहीत, पूजेला बसले तर त्यांची मांडी दुखते, पण श्रावण म्हणजे श्रावण. आणि त्यांच्या त्या लाडक्या नदीचा मासा मुखाशी येतो नेमका श्रावणात. श्रावण संपला की गणपती, मग पितृपक्ष, आणि तोवर मासा वर चढून मांजराच्या लायकीचा उरतो.

या श्रावणाचीही त्यांची एक वेगळीच शिस्त. श्रावण आईनं सांगितलेला, तेव्हा तो आईच्या गावच्या सूर्याप्रमाणे. गटारीला ताई तेंगिरी तळते. तेंगिरी म्हणजे आपली सुरमई, इथे तिला तसं म्हणतात. त्यातला एक तुकडा साडू मुद्दाम मागे ठेवतात आणि श्रावणाच्या पहिल्या सकाळी चहाबरोबर खातात. "अहो, श्रावण लागला," मी पहिल्यांदा म्हणालो होतो. "इथे लागला. कोकणात दिवस आपल्यामागून येतो. आईकडे अजून उजाडायचंय," असं म्हणत त्यांनी काटा काढून तुकडा तोंडात टाकला होता. दर वर्षी हेच वाक्य, हाच तुकडा.

मग दोन हजार पंधरा साल उजाडलं आणि आषाढ अधिक आला. श्रावण पुढे सरकला. मासा आणि पंचांग यांच्यामध्ये पंधरवड्याची फट पडली. साडूंनी वर्षभर आधी बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात रजा टाकली, मंजूर झाली, तिकिटं आली. त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मलासुद्धा क्षणभर वाटलं, जमेल बुवा. आणि मग ऑफिसचं सॉफ्टवेअरचं रिलीज लांबलं. लांबणारच होतं. माझ्या हयातीत रिलीज वेळेवर झालेलं मी पाहिलेलं नाही. रजा पुढे ढकलत ढकलत साडू नदीवर पोचले ते थेट गटारीच्या दिवशी.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी सांगितलं. संध्याकाळ होती, तिकडे उन्हाळ्यात ऊन रेंगाळतं. मुखाशी गळाला मासा लागला, खूप झुंजला, काठावर आला. अंग चंदेरी, पोटाला चरबी. इतकी वर्षं आम्हाला सांगत आले तस्साच. सोबतच्या वाटाड्यानं तिथेच तवा तापवला, तुकडे सोडले, ताटली यांच्या हातात दिली. साडूंनी सवयीनं घड्याळ पाहून हिशेब केला. नदीवर गटारी होती. कोकणात श्रावण नुकताच उजाडला होता.

"अहो, पण तुम्ही कॅनडात होतात!" मी जवळजवळ ओरडलोच. "तिथली तिथी धरायची!"

"सिंगापुरात कधी इथली धरली का?" साडू म्हणाले. "तुकडा खाताना आईचा सूर्य, आणि सॅमन खाताना नदीचा? असं नसतं हो."

"मग त्या माशाचं काय केलंत?"

"वाटाड्यानं खाल्ला. फार छान होता म्हणाला."

मी कपाळाला हात लावला. ताई ताटं उचलून आत गेली.

गणपतीत साडूंच्या आईंचा फोन आला. साडूंनी सगळ्यांसमोर स्पीकरवर लावला आणि हसत हसत नदीची गोष्ट सांगितली. पलीकडून आई म्हणाल्या, "अरे वेड्या, मला तर डॉक्टरांनी मासे-अंडी सोडायची नाहीत म्हणून बजावलंय. मी गेल्या वर्षापासून श्रावणातही खाते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुला कशाला सांगू? तू पाळतोस, म्हणून तर मी बिनघोर खाते."

"बरं आहे, खात जा," साडू म्हणाले.

पुढचा अधिक यायच्या आत आई गेल्या. निरोप आला तेव्हा साडू ऑफिसात होते. मिळेल त्या विमानानं निघाले, पण घाट उतरून गावात शिरेपर्यंत सगळं आटोपलं होतं. जगभरातल्या माशांच्या वेळा बिनचूक सांगणारा हा माणूस तिथे मात्र उशिरा पोचला.

पुन्हा अधिक महिना आला, पुन्हा ती फट पडली. जन्मात कुणाला 'होईल' न म्हटलेला मी, यावेळी स्वतः त्यांच्या मागे लागलो. "जाऊन या. आता अडवणारं कोण आहे?" ते म्हणाले, "बघू." रजा टाकली नाही. गटारीला मी आणि माझी बायको ताईकडेच जेवलो आणि राहिलो. सकाळी उठून टेबलाशी आलो तर ताईनं चहा ठेवला होता आणि साडूंपुढे बशीत कालचा तेंगिरीचा एक तुकडा.

"खा ना, गार होतोय चहा," ताई म्हणाली.

"खातो गं," साडूंनी तुकडा उचलला. "आईकडे अजून उजाडायचंय."

मग ते थांबले. तुकडा त्यांनी खाल्ला नाही आणि बशीत परत ठेवलाही नाही, नुसता हातात धरून बसले. खिडकीबाहेर सेंगकांगमध्ये लख्ख उजाडलं होतं.