फुलकोबीच्या वावरातला तेजोमेघ

अमरावतीच्या माझ्या गच्चीवरून चंद्र दिसतो, गुरू दिसतो आणि समोरच्या मंगल कार्यालयाची रोषणाई तर फारच सुरेख दिसते. मला हवा होता मृग नक्षत्राशेजारचा एक फुलासारखा तेजोमेघ. तो इतका फिका की डोळ्यांना दिसतच नाही. दुर्बिणीला कॅमेरा लावून त्याचा उजेड तासन्‌तास थेंबाथेंबाने जमवावा लागतो. दोन हिवाळे फुकट गेले होते. तिसऱ्या हिवाळ्यात अमावास्या गाठून धामणगाव रेल्वेजवळच्या सासऱ्यांच्या वावरात दुर्बीण थाटात मांडली.

अडचण एकच. मोटारीच्या खोलीवर टांगलेला बल्ब. त्या आठवड्यात शेतीची वीज, म्हणजे लाइन, रात्री यायची. बल्ब पेटला की सासरे खोपीतून उठून मोटार लावायचे आणि फुलकोबीला पाणी सोडायचे. म्हणजे माझा फोटो ऐन रंगात आला की वावरभर उजेड.

ते झोपल्यावर मी मांजराच्या पावलांनी गेलो आणि बल्ब काढून खिशात घातला.

फोटो निघू लागले. चोरी पचली असं वाटतं न वाटतं तोच लांबच्या एका वावरात बल्ब पेटला. लाइन आली होती. इकडे सासरे घोरत होते आणि कोबी तहानलेली. तेजोमेघ पुढच्या वर्षीही असता; कोबी थांबली नसती. मी त्यांना उठवलं आणि बल्ब हातावर ठेवला.

"जावईबापू," ते म्हणाले, "चोर लय पाहिले. माल परत द्याले मालकाले उठवणारा पहिल्यांदाच पाहून राहिलो."

"मामाजी, बल्ब पेटला असता तर फोटो गेला असता."

"मंग संध्याकाळीच काहून नाही सांगतलं? मले लाइन आली एवढं समजलं म्हणजे झालं. उजेडाचं काय लोणचं घालू?"

दुसऱ्या रात्री त्यांनी बल्बच्या जागी जुना रेडिओ जोडला, बटण चालू ठेवून. लाइन आली आणि मिट्ट काळोखात कुणी बाई एकदम गायला लागली. सासरे उठले, सवयीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, अंधारातच गेले, पाणी सुटलं. कॅमेऱ्याला पत्ताही लागला नाही.

सकाळी सगळे फोटो संगणकावर एकावर एक रचले तेव्हा लालसर फूल हळूहळू वर आलं. सासऱ्यांनी चष्मा पुसून पाहिलं.

"मधात पोकळ हाये. अळी लागली का?"

"नाही. मधे नवे तारे जन्मले. त्यांनीच जागा केली."

"मंग बरं हाये," ते म्हणाले. "पीक चालू हाये."