हळद लागलेली पोर

सिन्नरच्या स्टँडवर आईने मला नाशिकच्या गाडीत बसवलं. नवऱ्याने टाकून दोन वर्षं झाली होती. लोक तोंडावर विचारायला लागले होते. खिडकीशी येऊन आई म्हणाली, "सातपूरला कंपनीत लागली, असं सांगंन मी गावात. तू बी तेच सांग."

लागले मी संस्थेत, स्वयंपाकाला. लहान वयात लग्न लावणाऱ्या घरच्यांपासून सोडवलेल्या मुली इथे राहतात. मला मावशी म्हणतात. ऑफिसातल्या ताई मीटिंग, काउन्सेलिंग असं बोलतात. मी चौथी शिकलेली. कळतं सगळं, पण शब्द फुटत नाही.

मग आईचा फोन आला. "सुमीचं जमवलं. हळदीला ये."

सुमी माझी धाकटी बहीण, नववीत. माझंही लग्न त्याच वयात झालं होतं. ताईंना सांगायचंच, असं ठरवून मी त्यांच्या दारात गेले.

"काय गं मावशी?"

"मीठ संपलंय."

तीन दिवस मी मीठच संपवत होते. तिसऱ्या दिवशी ताई हसल्या, "मावशी, समुद्र करायचाय का?" चौथ्या दिवशी दारातच रडू फुटलं, रडत रडत सुमीचं सांगितलं, तेव्हा त्यांना कळलं.

ताई लगेच पोलिसांना घेऊन गेल्या. लग्न थांबलं. पण तोवर सुमीला हळद लागली होती. आमच्याकडे हळद लागलेली पोर लग्नाआधी वेशीबाहेर नेत नाहीत. तिला तशीच, पिवळ्या अंगाने, जीपमध्ये बसवून आणलं. मोडलेलं लग्न आईने एखादवेळी सोसलं असतं, हे नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "हळदीच्या पोरीला वेस वलांडायला लावली तू. आता मला एकच पोर हाय." मी पहिल्या दिवशी बोलले असते, तर हळद भिजलीसुद्धा नसती.

सुमी आता इथे राहून शाळेत जाते. पहिला महिनाभर तिने माझ्याकडे पाहिलं नाही. रविवारी आई तिला फोन करते, माझं नाव निघत नाही. मग एका रविवारी सुमीने काही न बोलता स्पीकर लावला आणि मोबाइल माझ्या परातीशेजारी ठेवला.

"जेवली का?"

"जेवलो. दोघी."

आता आई फोन ठेवते, असं वाटलं. पलीकडे आमच्या कोंबड्या ओरडत होत्या.

"भाकरी कोन करतं तिथं?"

"अक्काच."

"तिला म्हनावं, पीठ जुनं असंल तर ऊन पान्यात मळ. नायतर थापताना तुटती."

हे मला ठाऊक आहे. तरी मी मान हलवली.

घर म्हणून माझ्याकडे आता रविवारची ही चार-पाच मिनिटं आहेत. परातीतला हात मी हलवत नाही. आवाज झाला आणि मी ऐकतेय हे तिला कळलं, तर ती बोलायची थांबेल.