दसऱ्याचं शून्य

एक्क्याण्णव सालच्या दसऱ्याला, नौपाड्यातल्या ऑफिसात, पेढा तोंडात असतानाच मंजुळा ताडकन उठली.

त्या छोट्याशा कंपनीत ती भट्ट्यांचं तापमान सांभाळणाऱ्या पेट्यांचे प्रोग्राम लिहायची. कोलशेतच्या कोळ्याची पोर, आणि कॉम्प्युटर! बाप दामाजी तिकडच्याच एका रंगाच्या कारखान्यात तेलाच्या भट्टीवर कामाला. त्या भट्टीलाही तिचीच पेटी, मग त्याचा तोरा काय विचारता!

यंत्रांच्या पूजेसाठी ऑफिसातल्या रघूने नमुन्याची पेटी पुसली, रीतीप्रमाणे सगळी बटणं फिरवून शून्यावर आणली, हार घातला. आरतीनंतर चालू केली. हीटरचा लाल दिवा लागला तो विझेचना. पेटीवरचे तापमानाचे आकडेही गोठलेले.

"बंद कर रे!" मंजुळा किंचाळली.

चूक तिला तिथल्या तिथे कळली. पेटीतल्या चिपला बेरीज-वजाबाकी यायची, भागाकार येत नव्हता. प्रोग्रामात भागाकार दिसला की तो चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर गुपचूप आपली युक्ती घुसवायचा: वजा कर, मोज, पुन्हा वजा कर, उरेनासं होईपर्यंत. बाईसाहेबांनी कधी त्यात डोकावून पाहिलं होतं? छे! तापमान किती वेगाने चढतंय ते काढायला तिने खुशाल एका बटणावरच्या सेकंदांनी भागलं होतं; दर किती सेकंदांनी तापमान मोजायचं ते त्या बटणावर ठरायचं. आता शून्य वजा करत बसल्यावर संपणार कधी? पेटी चालू होताच आधी हीटर पेटायचा, हिशोब त्यानंतर; चिप त्या हिशोबातच अडकली, आणि हीटर बंद करायला कोणी उरलं नाही.

कोलशेतलाही हीच वेळ, हीच पूजा. तिने फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

तिने कोलशेतची रिक्षा पकडली. एकविरा आई, माझ्या बाबाला सांभाळ, एवढंच तिच्या तोंडी.

कारखान्यात तेलाचा धूर कोंदला होता. माणसं फाटकापाशी पळून आलेली.

"बाबा कुठाय?"

"आत. मेन स्विच पाडू देत नाही," बापाच्या जोडीला भट्टीवर असणारा दौलत खोकत म्हणाला. "माझ्या पोरीची पेटी हाय, ती बरोबर करील म्हणतो."

मंजुळा तशीच आत घुसली. घामाने निथळणारा दामाजी भट्टीजवळ पेटीकडे बघत उभा होता. तिने मेन पाडला आणि तिथेच खाली बसली.

"माझं चुकलं, बाबा. तू मेला असतास!" ती हमसून रडायला लागली.

दामाजीने तोंडावरचा घाम पुसला. मग त्याने विचारलं, "अशा पेट्या किती ठिकानी लावल्यात गो?"

"चौदा."

"मंग रडत काय बसलीस? दसरा सगळीकडं हाय. ऊठ, फोन लाव."